तंतुमेघाची बढती

एका जंगलात, मुलांनो, हिवाळा सरकारी होता. म्हणजे थंडी आपोआप पडायची, पण ती पडली असं जाहीर होईपर्यंत कुणी कुडकुडायचं नाही, अशी तिथली शिस्त होती.

जाहीर करायचं काम बगळेसाहेबांचं. ते हवामान खात्याचे प्रमुख. एका पायावर उभं राहून विचार करत असल्यासारखं दिसणं त्यांना छान जमायचं, म्हणून ही जागा त्यांना मिळाली. रोज सकाळी ते वडाखाली येत आणि आज आकाशात काय आहे ते सांगत. वर मात्र कधी बघत नसत. मान अवघडते म्हणत.

ढगांचे प्रकार त्यांना तोंडपाठ होते. उंचावर पांढऱ्या रेघा ओढतात ते तंतुमेघ. पिंजलेल्या कापसाचे ढीग दिसतात ते राशिमेघ. आकाशभर चादर अंथरतात ते स्तरमेघ. आणि काळे, पाण्याने भरलेले, ते वर्षामेघ. वर्षामेघांना फक्त पावसाळ्यात यायची मुभा होती. हिवाळा तंतुमेघांना दिलेला. तसा ठरावच होता, आणि ठरावापुढे ढगाचं काय चालतंय?

त्या वर्षी पौषात वनराज सिंहाने हुरडा महोत्सव ठेवला. सिंह हुरडा खातो का, असं विचारू नका. हुरडा खायला येणारी हरणं त्याला आवडतात, एवढं पुरे.

त्याच दिवसांत खारूताईने उघड्या कातळावर बोरं वाळत घातली होती. तिला तीन पिल्लं. भर उन्हाळ्यात झाडांवर काही उरत नाही, तेव्हा ही वाळलेली बोरंच त्यांच्या पोटाला. बोरं भिजली की बुरशी धरते, आणि बुरशी धरली की पिल्लं उपाशी.

महोत्सवाच्या सकाळी पश्चिमेकडून ढग आले. खारूताई वडाखाली गेली आणि बोरं उचलू का, असं तिने विचारलं. साहेबांनी सांगितलं, आकाशात तंतुमेघ आहेत, दिवसभर छान ऊन राहील, आणि वनराजांचंही तेच मत आहे.

दुपारी ढग काळाकुट्ट झाला. वारा सुटला. खारूताई पुन्हा धावत आली. साहेबांनी पाय बदलला.

"तंतुमेघच आहे तो," ते म्हणाले. "ज्येष्ठ तंतुमेघ. बढती मिळालीय त्याला."

"साहेब, पण तो गडगडतोय हो."

"अनुभव बोलतोय त्याचा."

आता तुमच्याआमच्यासारखं कुणी असतं तर मान डोलावून घरी गेलं असतं. खारूताई आई होती. ती कातळावर गेली आणि भराभर बोरं गोळा करू लागली.

तेवढ्यात महोत्सवाचे व्यवस्थापक कोल्होबा तिथे आले, सोबत दोन लांडगे. ऊन जाहीर झालेलं असताना वाळवण उचलणं म्हणजे अफवा पसरवणं, असं त्यांनी समजावलं. ती म्हणाली, मी तर कुणाशी चकार शब्द बोलले नाही. अफवा हातांनीही पसरते, असं कोल्होबा म्हणाले. मग तिला सगळी बोरं पुन्हा पसरावी लागली. एकेक करून, हसतमुखाने. मला त्या कोल्ह्याचा अजून राग येतो. पण ही बोधकथा आहे, इथे राग येऊन चालत नाही.

शेवटचं बोर ठेवून झालं आणि पाऊस कोसळला. गाराही पडल्या. कातळावरचं पाणी बोरं घेऊन ओढ्याकडे निघालं. खारूताई पंजे पसरून आडवी पडली. तिच्या पोटाखाली ओंजळभर बोरं राहिली, बाकीची गेली.

महोत्सव मात्र झकास झाला. गारांच्या माऱ्यात हरणांना पळता आलं नाही. वनराजांनी खूश होऊन बगळेसाहेबांना शाल-श्रीफळ दिलं.

तरी काही चहाटळ पाखरं कुजबुजत होतीच. म्हणून साहेबांनी यापुढे खबरदारी घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोज मुसळधार पाऊस जाहीर केला. मुसळधार पावसात वाळवण घालायला अर्थातच बंदी आली. कोल्होबा कातळावर पहारा देऊ लागले. ऊन फार होतं, म्हणून बिचारे सावली धरून बसत.

ढोलीत ओली बोरं आंबू लागली. धाकटं पिल्लू दाराशी गेलं.

"आई, केवढं ऊन पडलंय. बोरं बाहेर ठेवूया ना."

खारूताईने त्याला आत ओढलं आणि पोटाशी धरलं.

"हळू बोल, बाळा," ती म्हणाली. "बाहेर पाऊस आहे."

तात्पर्य : हवामानाचा अंदाज कधीच चुकत नाही, चुकतं ते हवामान. म्हणून शहाण्या मुलांनी आधी साहेबांना विचारावं, आणि मगच घाम पुसावा.