कोणता गजानन?

अर्जदार: श्री. गजानन तुकाराम सोळंके, निवृत्त इतिहास शिक्षक, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा. विरुद्ध: कोणी नाही, म्हणजेच संपूर्ण गाव. घटनेची तारीख: गेल्या प्रजासत्ताक दिनाची सकाळ. साक्षीदार: चहावाले हमीदभाई आणि मी, तहसिलीबाहेर टेबल मांडून अर्ज लिहिणारा, ज्याच्या मसुद्यात आजतागायत अनुस्वाराचीही चूक निघालेली नाही.

अर्जदारास 'कोणता?' असे विचारण्याची व्याधी आहे. त्यांच्यासमोर कोणतेही नाव निर्धोकपणे उच्चारता येत नाही. पुतणीच्या लग्नात भटजींनी वराचे नाव घेताच मांडवातून "कोनता?" असा प्रश्न आला आणि वधूपित्याच्या हातातील अक्षता गळाल्या. हमीदभाई एकदा "अल्ला जाने" म्हणाले, तेव्हा मात्र गुरुजी गप्प राहिले. त्यांच्या संयमाचा दुसरा पुरावा उपलब्ध नाही.

व्याधीचे मूळ ग्रीस देशात असून तो माझ्या कार्यक्षेत्राबाहेर आहे. तथापि गुरुजींच्या तोंडी निवेदनानुसार, शेगावच्या पुण्याईने आमच्याकडे जसे घरोघर गजानन, तसे तेथे प्राचीन काळी अपोलोडोरस होते. एक चित्रकार, त्याने चित्रात सावली आणली. एक विद्वान, त्याने इतिहास पद्यात लिहिला. एक पूल बांधणारा. पैकी विद्वानाच्या नावावर भलत्याच कोणाचा तरी ग्रंथ शतकानुशतके खपला, आणि खरा लेखक आजही अज्ञात आहे. हे सांगताना गुरुजींचा आवाज असा चढतो, की जणू त्यांच्याच शेताचा सातबारा परक्याच्या नावे झाला. त्या मंडळींनी वेळीच आधार कार्ड काढावयास हवे होते, असे मी सुचवले. "आधारवर तरी काय दुसरं नाव आलं असतं?" असे मलाच ऐकावे लागले. गाव त्यांना 'डोरस मास्तर' म्हणते, ते उगाच नव्हे.

आता मूळ प्रकरण. गावात दुसरेही एक गजानन तुकाराम सोळंके होते. गुरुजींचे बालमित्र, धंद्याने पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवीत. फ्लेक्स आले आणि धंदा बसला. दोन वर्षांपूर्वी वारले. त्याआधी त्यांनी वाचनालयाच्या भिंतीवर रोहिणखेडची जुनी मशीद रंगवली. तिची सावली अशी उतरली आहे, की हमीदभाईंची बकरी भर उन्हात तिच्यापाशी जाऊन बसते. बकरीस कला कळते, असे गुरुजी म्हणतात. मला बकरीविषयी मत नाही.

नव्या सरपंचबाईंनी चित्राखाली चित्रकाराच्या नावाची फरशी बसवली, आणि सदर सकाळी, चित्रकार हेच असे समजून, शाल-श्रीफळ गुरुजींच्या हाती दिले. टाळ्या वाजल्या. गुरुजींनी शाल घडी करून परत केली, वर नारळ ठेवला. "कोनता, ते इचारलं कोनी?" एवढेच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मजकडून अर्ज लिहून घेतला: फरशीवरील नाव माझे समजले जाते, ते काढून माझ्या मित्राचे लिहावे. ग्रामसेवकांनी दोन्ही नावे ताडून पाहिली. "नाव तं तेच हाय, मंग दुरुस्ती कायची?" म्हणाले. कायद्याच्या दृष्टीने हे बिनतोड होते. मी गुरुजींना तसे कळवले, आणि थोडे डिवचावे म्हणून विचारले, "मोठेपना फुकटात भेटून राह्यला, तं घेत काऊन नाही?"

गुरुजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"लहानपनी कोनी 'गजानन' म्हनून हाक मारली, का आम्ही दोघं संगंच इचारो, 'कोनता?' आता हाक आली का इचारा लागत नाही. मी एकलाच उरलो."

यावर कोणते कलम लागते, ते मला आठवेना. मी नवा कागद घेतला.

सबब विनंती की, फरशीवरील नावापुढे 'पेंटर' हा एक शब्द वाढवावा. तसेच अर्जदारास हाक मारणाऱ्या प्रत्येकाने, गावात अद्याप दोघे आहेत असे समजून, त्यांस 'कोणता?' विचारण्याइतका अवधी द्यावा. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.