मोन्तेसोर्दो गावी मेणाच्या बाईवरोन जाहली ती मोहीम

सकळ विद्यांचा धनी जो स्वर्गीचा बाप, त्याचे स्मरण करोन, आणि इटली देशी विद्वान जे जे होऊन गेले व विद्वान म्हणविणारे जे त्यांहून बहुत होऊन गेले, त्या उभय वर्गांस दंडवत घालोन ही हकीकत लिहिली असे. ऐकणारांनी हसो नये. हसू आलेच तर पदरात लपवावे, कारण गोष्ट खुद्द पोप महाराजांच्या विद्याव्यासंगाची आहे.

तेव्हा रोमच्या गादीवर पाचवे होनोरियस विराजमान. महाराज मोठे गुणग्राहक. दुर्बिणी, हवा ओढावयाचे पंप, विजेची यंत्रे, जे नवे दिसेल ते मागवावे आणि कपाटात घालोन कुलूप लावावे, ऐसा ज्ञानाचा प्रसार जोरात चालला होता. मग हुजुरांचे कानी आले की बोलोन्या शहरी ओर्तेन्सिया झाम्बेली नामे बाई मेणाची माणसे करिते, आणि पोटावरील झाकण उचलिले असता आत काळीज, फुफ्फुस, आतडी जैशीच्या तैशी दिसतात. फर्मान सुटले की बाईने एक गर्भिणी करोन रोमेस पाठवावी, आणि ती पसंत पडिल्यास विद्यापीठात शरीररचना शिकविण्याची गादी बाईस बहाल होईल. ओर्तेन्सियाबाईची उमर याच एका आशेवर सरली होती. तिचे नमुने पाहोन जे परीक्षेस उतरले ते पुढे गुरुजी जाहले, आणि ही मागील खोलीत मेण वितळवीत राहिली. तिने जीव ओतोन मूर्ती सिद्ध केली, खरे केस लाविले, गळा मोत्यांचा सर घातला, काचेच्या पेटीत मखमलीवर निजविली, पेटीवर पोप महाराजांची मोहर उठविली आणि खेचरांच्या गाडीवरोन रवानगी केली.

घाटात मोन्तेसोर्दो गावी गाडीचा आस मोडला. गाडीवान पेटी चर्चात ठेवोन सुताराच्या शोधात गेला. आता या मुलुखाचा रिवाज ऐसा की रोमेहून संतांची कलेवरे मेणाचे मुखवटे चढवोन अशाच काचेच्या पेट्यांतून गावोगाव वाटली जातात. शेजारच्या गावी दोन अखंड संत, आणि मोन्तेसोर्दोकरांनी पिढ्यानपिढ्या अर्ज करोन त्यांस एक दातही मिळाला नव्हता. पाद्री फुल्जेन्त्सियो यांनी मोहर पाहिली आणि घंटा वाजविली. गाडीवान नवा आस घेऊन आला तो गावाने त्यास चेस्टनटच्या काठ्यांनी वेशीबाहेर पोचविले.

हे वर्तमान बोलोन्यास कळताच ओर्तेन्सियाबाईने फर्मान उराशी धरोन खासा स्वारी केली. चर्चाच्या दारी बायकांचा कडा पहारा, आणि सेनापती गावची सुईण तेक्ला, जिभेची तिखट. बाईने निक्षून सांगितले की हे मेण आहे आणि मीच घडविले आहे.

तेक्ला म्हणाली, “बाई, तुम्ही बोलोन्याच्या. तुमच्याकडे सॉसेज बरे करतात. संत नाही करत.”

मग ओर्तेन्सियाबाईस संताप आला, आणि तिने पहारा मोडोन पेटी उघडिली आणि मूर्तीच्या पोटावरील झाकण उचलिले, की आता तरी या गाढवांचे डोळे उघडतील. फुल्जेन्त्सियो यांस घेरी आली. बायका मात्र पुढे सरकल्या. बाईने फुफ्फुस उचलिले, आतडी उचलिली, आणि तळाशी गर्भाशय उघडोन डोके खाली करोन निजलेले मूल दाखविले. बारा बारा बाळंतपणे केलेल्या बायका, पण आपल्या पोटात काय असते ते प्रथमच पाहत होत्या.

तेक्लाने बोट लावले. “आणि हे आडवं आलं, तर फिरवायचं कुठून?”

बाईने दाखविले. तेक्लाने पुन्हा करावयास सांगितले, मग स्वतः करोन पाहिले.

“म्हणजे मी जन्मभर अंधारात हात घालत आले,” ती म्हणाली. “माझी लेक त्याच अंधारात गेली की हो.”

त्या दिवसापासोन संतिणीचा महिमा दुणावला. बायका डोंगर उतरोन येऊ लागल्या, आणि ओर्तेन्सियाबाई त्यांस शिकवू लागली. कोणी गादी दिली नव्हती, आणि बाईस इतका आनंद उभ्या जन्मात जाहला नव्हता.

इकडे रोमेत मसलत होऊन दरबारचे धर्माधिकारी मोन्सिन्योर बाल्दासारे चौकशीस रवाना जाहले. पोप महाराजांचा नवा दंडक ऐसा की शास्त्राच्या कसोटीवाचोन कोणताही चमत्कार मान्य करू नये. म्हणोन समागमे दरबारी हकीम, भिंगे आणि तराजू. हकीमसाहेबांनी भिंग लावोन निर्णय दिला की मुखवटा मेणाचा आहे, परंतु तो सर्वच संतांचा असतो, सबब त्यावरोन काही सिद्ध होत नाही. आतील अवयव मात्र निखालस बिनचूक. इतके बिनचूक काम मानवी हातून होणे अशक्य, आणि बाईमाणसाचे हातून तर बोलावयासच नको.

तथापि दंडकाप्रमाणे कारागिराची जबानी हवी. मोन्सिन्योरांनी बाईस एकीकडे नेऊन खुलासा केला की काम आपले म्हणालीस तर मूर्ती रोमेस जाईल, गादी तुझी होईल. फक्त शालीनतेखातर झाकण खिळ्यांनी ठोकोन वर जरीचा झगा चढवू. कार्डिनल साहेबांस पाहणे जाहल्यास खिळे काढता येतील.

“मग शिकवायचं कशावर?” बाईने विचारिले.

मोन्सिन्योर म्हणाले की गादीवर बसावयाचे असते, शिकविणारे दुसरे आहेत.

बाईने चर्चाकडे पाहिले. आत तेक्ला एका पोटुशा पोरीचा हात धरोन मेणाच्या गर्भाशयावर फिरवीत होती. बाईचे डोळे भरोन आले.

“नाही हो,” ती म्हणाली. “हे माझं काम नाही. मला कुठून जमायला?”

हकीमसाहेब खुशवक्त जाहले, की आपण तरी काय म्हणत होतो!

येणेप्रमाणे भिंगे, तराजू आणि जबानी यांचे बळावर शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध जाहले की मोन्तेसोर्दोची संतीण कोणाही माणसाने घडविलेली नाही. पोप महाराजांच्या विद्याव्यासंगाची फत्ते जाहली, रोमेत तोफा सुटल्या. त्या मुलुखी बाळंतपणात बायका दगावेनाशा जाहल्या, तो चमत्कार संतिणीचे नावे दफ्तरी दाखल असे. ओर्तेन्सियाबाई बोलोन्यास परतली नाही. दर शुक्रवारी तेक्ला झाकण उचलोन नव्या सुइणींस शिकवी, तेव्हा बाई भाविकांत गुडघे टेकोन बसे, आणि तेक्ला कोठे चुकली तर हळूच खाकरे.