बर्फमोजणी आणि सावरीची पाठ

एका जंगलात एक राजा होता, आणि त्याने बर्फ कधी पाहिला नव्हता. यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण हे जंगल फार उत्तरेला होतं. तिथे वर्षातला निम्माअधिक काळ बर्फच असायचा.

तर मुलांनो, हा राजा अस्वल होता. पहिला गारठा पडला की महाराज गुहेत झोपायला जात, ते सगळा बर्फ वितळल्यावर उठत. उठल्या उठल्या प्रजा रडगाणं घेऊन दारात उभी. "महाराज, यंदा फार बर्फ पडला हो!" महाराज बाहेर बघत. बाहेर ऊन, गवत, फुलपाखरं. महाराजांना वाटे, आपली प्रजा गुणी आहे, पण जरा वाढवून बोलते.

त्या जंगलात रेनडिअर हरणांचा कळप राहत असे. बर्फ उकरून त्याखालचं दगडफूल खायचं, हा त्यांचा हिवाळ्यातला स्वयंपाक. तुमच्या आईच्या मसाल्याच्या डब्यात दगडफूल असतं ना, त्याचंच हे चुलत भावंड. बर्फ फार साचला की खूर तिथवर पोचत नाहीत आणि कळप उपाशी राहतो. म्हणून महाराजांच्या आजोबांनी एक रीत घालून दिली होती. कळपातल्या थोरल्या हरिणीने मैदानात उभं राहायचं. बर्फ तिच्या पोटाला टेकला, की राजाचं कोठार उघडायचं आणि सुका चारा वाटायचा.

यंदा थोरली होती सावरी. तिला एक पाडस होतं. जन्मला तेव्हा चांगला गुटगुटीत होता, म्हणून त्याचं नाव ढब्बू.

महाराजांना ही रीत पसंत नव्हती. "पोटाला टेकला म्हणजे काय?" ते म्हणाले. "हरिणी मुद्दाम वाकली तर? शास्त्रशुद्ध मोजणी पाहिजे."

प्रधान कोल्हा होता. त्याने लगेच ड्रोन मागवला. तो उडवायला घुबडसाहेबांची नेमणूक झाली. घुबडसाहेबांना स्वतःला उडता येत होतं, आणि त्यांचे डोळेही तीक्ष्ण होते. पण उडण्यापेक्षा उडवण्यात मान जास्त असतो. शिवाय डोळ्यांनी बघितलेलं कुणी मोजणीत धरत नाही.

मोजायची पद्धत सोपी होती. नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. उन्हाळ्यात ड्रोन उडवून उघड्या जमिनीची उंची मोजायची. हिवाळ्यात पुन्हा उडवून बर्फाच्या माथ्याची उंची मोजायची. दुसऱ्या उंचीतून पहिली वजा केली की बर्फाची खोली हातात येते. गणित अगदी बरोबर आहे. त्याला नावं ठेवू नका.

उन्हाळा आला. जमीन मोजायचा दिवस ठरला. आता एवढं मोठं काम समारंभाशिवाय कसं व्हायचं? महाराज स्वतः फीत कापणार होते. प्रधानाने दवंडी पिटली, की सगळ्यांनी मैदानात हजर राहायचं. वरून मैदान रिकामं दिसता कामा नये. खांद्याला खांदा लावून, ताठ उभं राहायचं.

प्रजा हजर राहिली. मैदानात गवताचं पातं दिसेना. पुढच्या मानाच्या रांगा हरणांच्या होत्या. महाराजांनी नखाने फीत कापली, भाषण केलं, आणि ड्रोन सगळ्यांच्या डोक्यांवरून घूं घूं करत गेला. पाडसांना मोठी मजा वाटली. जमीन मोजून झाली.

मागच्या रांगेतले हसताहेत. ज्यांना कळलं त्यांनी गप्प बसावं.

मग हिवाळा आला. महाराज झोपायला गेले. बर्फ पडू लागला, तो थांबेना. हरणांचे खूर आधी दगडफुलापर्यंत पोचत होते, मग पोचेनासे झाले. बर्फ सावरीच्या पोटाला टेकला. ती प्रधानाकडे गेली.

"प्रधानजी, कोठार उघडा. बर्फ पोटाला लागला."

"पोटाचं आता काढू नका, सावरीबाई," कोल्हा म्हणाला. "ती जुनी पद्धत झाली. ड्रोन काय म्हणतो ते बघू."

ड्रोन उडाला. घुबडसाहेबांनी वजाबाकी केली आणि कोल्ह्याच्या कानात सांगितली.

"अभिनंदन," कोल्हा म्हणाला. "मैदानात बर्फ नाही."

"नाही कसा? मी त्यात उभी आहे!"

"खरं तर शून्याच्याही खाली निघतोय. म्हणजे तुमच्याकडूनच थोडा बर्फ यायचा राहिलाय. तो आपण माफ केला."

सावरीने उन्हाळ्यातलं चित्र दाखवायला सांगितलं. बघते तर काय, जमिनीला शिंगं होती.

"प्रधानजी, ही जमीन नाही. ही माझी पाठ आहे."

"असेल," कोल्हा शांतपणे म्हणाला. "पण आता ती जमीन म्हणून नोंदली गेलीय."

"मग पुन्हा मोजा ना!"

"मोजू की. पण उघडी जमीन पाहिजे. बर्फ गेला की लगेच मोजू."

"बर्फ गेल्यावर आम्हाला कोठार कशाला हवंय?"

"तेव्हा मागणी येतच नाही, हा आमचाही अनुभव आहे," कोल्हा म्हणाला.

सावरी परत आली. त्याच आठवड्यात तिच्या शेजारणीचं पाडस सकाळी उठलं नाही. मला हे सांगायला आवडत नाही, पण गोष्टीत आहे ते सांगावं लागतं. ढब्बूच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. तो आईला विचारायचा, "आई, बर्फ कधी पडणार?" त्याने ऐकलं होतं, की बर्फ पडला म्हणजे खायला मिळतं. सावरीला रडू फुटे. ती तोंड वळवून उभी राही.

पण ती नुसती रडत बसली नाही. विचार केला. पाठ म्हणजे जमीन. म्हणजे जे काही पाठीच्या वर, तो बर्फ. आणि पाडसाची उंची साधारण आईच्या पोटाइतकीच असते, कारण दूध तिथेच असतं.

पुढची मोजणी ठरली त्या दिवशी सगळा कळप मैदानात आला. समारंभाला जो जिथे उभा होता, तो तिथेच उभा राहिला. हरिणी पोटापर्यंत बर्फात रुतल्या. पाडसं हलकी होती. ती वरच्या कडक थरावरून टुकूटुकू चालत गेली आणि आपापल्या आईच्या पाठीवर चढून उभी राहिली.

"ढब्बू, हलायचं नाही हं," सावरी म्हणाली.

"आई, माझे पाय कापतायत."

"कापू देत. पण बसू नकोस राजा. बसलास तर बर्फ कमी भरेल."

ड्रोन आला. वाऱ्याने भरकटला, म्हणून घुबडसाहेबांनी त्याला पुन्हा फिरवून आणला. सावरीला पाठीवर ढब्बूचे खूर थरथरताना कळत होते. एक खूर घसरला. तिने श्वास रोखला. पोराने तो परत वर ओढून घेतला आणि मान ताठ केली. ड्रोन पुढे गेला.

वजाबाकी झाली. बर्फ बरोबर पोटाइतका निघाला.

"बघा," कोल्हा म्हणाला, "रीतसर आलात की काम होतं की नाही?" कोठार उघडलं. ढब्बू इतका चारा खायला लागला की सावरीला त्याला ओढून बाजूला करावं लागलं. उघडलेलं कोठार बंद करायला महाराजांचा हुकूम लागे, आणि महाराज झोपले होते. कळप जगला.

बर्फ वितळला. महाराज उठले. प्रधानाने अहवाल दिला, की सगळ्या हिवाळ्यात एकाच दिवशी पोटाइतका बर्फ होता, बाकी शून्य.

"मी म्हणतच होतो," महाराज म्हणाले.

सावरी पुढे आली. तिने सगळं सांगितलं: पाठी, शिंगं, शेजारणीचं पाडस. महाराज वाईट नव्हते हो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांचे डोळेसुद्धा ओले झाले.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "जमीन पुन्हा मोजायची."

कळपात आनंदाची लाट उसळली. सावरीने ढब्बूला चाटून चाटून ओलं केलं.

"मात्र चुकीची दुरुस्ती गुपचूप करायची नाही," महाराज म्हणाले. "थाटात करू. सगळ्यांनी यायचं. आणि तुम्ही पोरांना पाठीवर घेऊन उभ्या राहता म्हणे? प्रधानांनी चित्र दाखवलं मला. फार गोड दिसतं ते. तशाच या."

सावरी म्हणाली, "महाराज, आम्ही आलोच नाही तर?"

"असं कसं?" महाराज प्रेमाने म्हणाले. "मैदान रिकामं दिसेल ना."

तात्पर्य: यंत्र कधी खोटं बोलत नाही, म्हणून राजाच्या समारंभाचं बोलावणं आलं की जमिनीवर सपाट आडवं पडावं. ते जमत नसेल, तर घरात पोरं भरपूर असावीत, आणि ती एकमेकांच्या पाठीवर उभी राहायला शिकलेली असावीत.