तीन किलो नऊशेची काठवट

आमच्या शेजारच्या सोपानतात्यांना कुणी बारशाचे पेढे दिले, तर ते तोंडात टाकायच्या आधी तोलतात. पेढे देणारा अजून दारातच उभा असतो, आणि आतून तात्यांचा आवाज येतो, "खोकं पाव किलोचं, माल दोनशे दहाच हाय. चाळीस ग्रॅम पुठ्ठाच की." मग पेढा खातात, आशीर्वाद देतात आणि बाळाचं वजन विचारतात. ते कुणी 'तीनेक किलो' असं सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडतो. 'तीनेक', 'जवळपास', 'अंदाजे' हे शब्द त्यांना शिवीसारखे लागतात.

तीस वर्षं ते साखर कारखान्याच्या काट्यावर होते. पाऊस गेला, ऊस संपला, कारखाना बंद पडला. मग सोसायटीनं चारा छावणी काढली, तेव्हा तात्या तिथं चारा तोलायला गेले. मोठ्या जनावराला पंधरा किलो, लहानाला साडेसात. पेंढी जास्त भरली तर ते चार काड्या काढून घेत आणि कमी भरली तर तेवढ्याच घालत. कुणी हुज्जत घातली की म्हणत, "माझ्यावर कशाला चिडता? काटा बोलतोय." मी दूध संघात हिशेबनीस आहे, आकड्यांचा मलाही सोस आहे. पण तात्यांपुढे मी ढिसाळ माणूस ठरतो.

त्यांच्या स्वयंपाकघरात तुळईला एक जुना तराजू टांगलेला आहे. साखळ्यांना दोन लोखंडी पारडी, परातीपेक्षा खोल. त्यांना हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती, खुद्द कौसाबाईंनाही नव्हती. कौसाबाई म्हणजे तात्यांची बायको. त्या जाऊन आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून तात्या रोज सकाळी स्वतः दोन भाकरी करतात. भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज आला, की आमच्याकडे चहा ठेवतात.

मुलगी एकच, नंदा. ती जर्मनीत नर्स आहे. तात्यांचा फोन बटणांचा, त्यामुळे रविवारी ती माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करते. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे येतात आणि फोन यायच्या अर्धा तास आधीपासून बसून राहतात. एका रविवारी नंदा सहज म्हणाली, तिकडं ज्वारीचं पीठ मिळतं, पण स्टीलच्या भांड्यात ते नीट मळलं जात नाही, भाकरी कडेला चिरते. "आईची काठवट पायजे होती," असं म्हणून ती हसली, आणि बोलणं दुसरीकडं वळलं.

तात्यांचं वळलं नाही. दुसऱ्या दिवशी कौसाबाईंची पीठ मळायची लाकडी काठवट तराजूत होती. चार किलो दीडशे.

आम्ही दोघं एसटीनं बीडला एका कुरिअरवाल्याकडे गेलो. काउंटरवर एक बाई होत्या. त्यांनी काठवट खोक्यात ठेवली आणि काट्याऐवजी टेप काढला. पन्नास गुणिले पन्नास गुणिले वीस, भागिले पाच हजार. म्हणाल्या, "दहा किलो."

तात्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काट्यावर दगड भरून आलेल्या गाडीकडे पाहत असतील. "बाई, चार किलो दीडशे हाय ही."

"काका, आम्ही जागेचे पैसे लावतो."

"म्हंजे पोकळीचे? पोकळीला काय वजन असतंय का?"

बाईंनी शांतपणे सांगितलं की विमानात असतं. मी कागदावर गुणाकार करून पाहिला, बरोबर होता. तात्या म्हणाले, दहाचे पैसे द्यायचेच तर पाच किलो साडेआठशे माल आपला हक्काचा आहे. परत येऊन त्यांनी काठवटीत बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या, शेंगदाण्याची चटणी आणि आमटीला लावायचं येसर भरलं. तोललं तेव्हा बरोबर दहा किलो झालं. आम्ही पुन्हा बीडला गेलो. आता बाई म्हणाल्या, खाण्याच्या मालाला वेगळे कागद लागतील, आणि लाकडाला कीड नसल्याचं प्रमाणपत्र. तात्यांनी विचारलं, "आन मला कीड न्हाई, त्याचं न्हाई लागत?"

मग पोस्ट झालं. तात्यांना वाटत होतं, बोटीनं स्वस्तात जाईल. "तीन महिने लागू देत. घाई कुणाला हाय?" पण खिडकीतून कळलं, बोटीचं आता होत नाही. मग कोण कोण परदेशी जातंय याची चौकशी सुरू झाली. नेकनूरच्या एकांचा जावई जर्मनीला निघाल्याचं समजलं. जावयानं फोनवर हात जोडले. तेवीस किलोची मुभा आहे, बॅग बरोबर तेवीस भरली आहे, एक ग्रॅमही बसणार नाही.

तात्या म्हणाले, "मी येऊन तोलतो."

तात्या सोसायटीचा हातकाटा मागून घेऊन निघाले आणि मी सोबतीला गेलो. नेकनूरला त्यांनी जावयाची बॅग सगळ्या सासुरवाडीसमोर रिकामी करायला लावली आणि रिकामी बॅग काट्याला अडकवली. "पाच किलो दोनशे. अवो जावईबापू, तुमी माल कुठं नेताय, तुमी बारदान नेताय." स्वतःची कॅनव्हासची पिशवी त्यांनी आणलीच होती, ती एक किलो दोनशे भरली. चार किलो मोकळे झाले. जावयानं मान डोलावली.

पण काठवट चार किलो दीडशे. निघायला अजून नऊ दिवस होते. तात्यांनी त्या दिवसापासून तिच्यात पीठ मळणं बंद केलं, तिला आतून खरवडलं आणि रोज उन्हात घातलं. पाऊस नसल्याचा फायदा झालेला त्या साली मी एवढाच पाहिला. ते दिवस ते आमच्याकडे जेवले, स्वतःचे तांदूळ तोलून आणून. निघायच्या आदल्या दिवशी काठवट तीन किलो नऊशे भरली. उरलेल्या शंभर ग्रॅमात येसरची पुडी बसवली. पोकळीत जावयाचे स्वेटर.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी नंदानं फोन समोर टेकवून ठेवला आणि काठवटीत पीठ मळून दाखवलं. तात्यांनी आधी विचारलं, "तितं काटा हाय का? वाटंत घटली न्हाई ना?" तिनं खरंच तोलली. तीन किलो नऊशे वीस.

"वीस ग्रॅम तितली दमट हवा," तात्या म्हणाले.

ती पुन्हा मळायला लागली आणि मान वर न करता म्हणाली, "तात्या, मग तुमी आता कशात मळता?"

"नवी घेतली की. बाजारात. बाभळीची हाय, चार किलो दोनशे भरली."

नंदाचं समाधान झालं. माझंही झालं. तात्यांनी वजन सांगितलं, म्हणजे ते बरोबरच असणार.

दोन दिवसांनी सकाळी मी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. भाकरी थापायचा आवाज येत होता, म्हणून सरळ आत शिरलो. तात्या चुलीपुढं बसले होते. समोर तराजूचं एक पारडं होतं, साखळ्या काढलेलं, आणि त्यात ते पीठ मळत होते. वर तुळईला दांडी एका बाजूला कलंडली होती, दुसरं पारडं जवळजवळ जमिनीला टेकलं होतं.

त्यांनी मला पाहिलं. हात थांबला नाही.

"ताटात जमंना," ते म्हणाले. "हे खोल हाय."

मी म्हटलं, तात्या, बाजारात काठवट मिळते की.

"मिळती. एकट्याच्या दोन भाकरीला कशाला आणायची?" थोड्या वेळानं म्हणाले, "नंदाला सांगू नका."

मी नाही सांगत म्हणून मान हलवली. त्यांनी तव्यावरची भाकरी उचलून माझ्या हातावर ठेवली. गरम होती, मी ती या हातातून त्या हातात घेत राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, किती ग्रॅमची असेल ही?

तात्यांनी कलंडलेल्या दांडीकडे पाहिलं.

"असंल," ते म्हणाले, "अंदाजे दीडशे."