तीन बादल्या पाणी

कॅप्टन राजेंद्र जोगदंड यांचा एक नियम होता. विद्यार्थ्याला विमानात पहिल्यांदा एकटं सोडायचं, तर त्या दिवसाचा सुगावा त्याला लागू द्यायचा नाही. आधी कळलं की झोप उडते, आणि झोप उडालेल्या माणसाला विमान उडवता येत नाही. म्हणून प्रेरणाची वेळ आली तेव्हा त्यांनी फक्त ऑफिसातल्या सुदर्शनला सांगितलं. तेही नाइलाजानं, कारण एकट्यानं उडून आलेल्याच्या अंगावर पाणी ओतायची फ्लाइंग क्लबाची रीत होती आणि बादल्या सुदर्शन भरायचा.

"तीन भरून हँगरमागं ठेव. कुणाला बोलू नको."

सकाळी आठला शहराबाहेरच्या त्या छोट्या धावपट्टीच्या फाटकाशी वैजापूरची जीप येऊन थांबली. त्यातून प्रेरणाचे वडील साहेबराव उतरले, मागोमाग आई रत्नमाला. साहेबराव मार्केट यार्डात कांद्याचे आडते. कॅप्टननी सुदर्शनकडं पाहिलं.

"मी कुणाला नाही बोललो सर. फक्त मेव्हण्याला. तो वैजापूरचाच आहे."

प्रेरणा आत हवामानाचा तक्ता वाचत होती. तिनं बघायच्या आत कॅप्टननी दोघांना हँगरमागं नेलं.

"साहेब, पोरगी एकटीच जानार?" साहेबरावांनी विचारलं. "ट्रकावर नवा ड्रायवर ठेवला तर पयल्या खेपंला आम्ही सोबत क्लीनर देतो. तवा मागं एखादं मानूस बसू द्या. मी बसतो. लई बोलनार नाय."

"विमानात दोनच सीट आहेत."

"मंग दुसऱ्या शिटावर बसतो."

"साहेबराव, तुम्ही बसलात की ती एकटी राहत नाही."

"तेच म्हनतोय मी."

कॅप्टननी विषय सोडला. प्रेरणासोबत त्यांनी धावपट्टीभोवती तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा चाकं अलगद टेकली. मग विमान उभं करायला लावून ते खाली उतरले आणि म्हणाले, "आता एक फेरी तू मार. मी चहा घेतो."

प्रेरणानं मान हलवली, दार लावलं आणि ती गेली.

चहा कुणी घेतला नाही. वॉकीटॉकी घट्ट धरून कॅप्टन हँगरपाशी उभे राहिले; साहेबराव-रत्नमालाही मागून पुढं आले आणि सुदर्शननं बादल्या आणून ठेवल्या. विमान वळलं, उतरणीला लागलं, आणि नेमकं तेव्हा एक कुत्रं धावपट्टीच्या मधोमध येऊन बसलं. वॉकीटॉकीतून प्रेरणाचा शांत आवाज आला, "गोइंग अराउंड." विमान डोक्यावरून घोंघावत पुन्हा वर गेलं.

"काय म्हनली वो ती?" रत्नमालांनी विचारलं.

"उतरत नाही म्हणते," सुदर्शननं भाषांतर केलं.

"उतरत नाय म्हंजी?"

"लहानपनापासून हट्टीच हाये," साहेबराव म्हणाले. "भूक लागली की येईल."

ती वागली ते अगदी बरोबर होतं. उतरणं धोक्याचं दिसलं तर न टेकता पुन्हा वर जायचं, हे कॅप्टननीच तिला वीस वेळा शिकवलं होतं. पण शेजारच्या सीटवर बसून बघणं वेगळं आणि जमिनीवरून बघणं वेगळं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते मटकन खाली बसले.

"अवो, साहेबाला घेरी आली," रत्नमाला म्हणाल्या. समोर पाणी भरलेलंच होतं. त्यांनी पहिली बादली कॅप्टनच्या डोक्यावर रिकामी केली. ते बोलेनात, म्हणून दुसरी केली. तिसरी साहेबरावांनी ओतली, हातभार म्हणून.

सुदर्शननं कुत्रं हाकललं. प्रेरणा फेरी मारून आली आणि हलकेच उतरली. फोटोत ती कोरडी ठणठणीत हसते आहे, आईवडील दोन्ही बाजूंना, आणि मधे कॅप्टन नखशिखांत निथळताहेत. तो फोटो क्लबाच्या भिंतीवर लागला.

महिन्याभरानं शिवम नावाचा विद्यार्थी एकटा उडून आला. उतरल्या उतरल्या त्यानं बादली उचलली आणि अदबीनं कॅप्टनसमोर येऊन उभा राहिला.

"सर, गुरूला आधी, बरोबर ना?"

कॅप्टननी तोंड उघडलं. सगळे विद्यार्थी मोबाइल काढून वाट बघत होते. त्यांनी चष्मा आणि घड्याळ काढून सुदर्शनच्या हातात दिलं.

"गार आहे का रे?" त्यांनी विचारलं, आणि डोळे मिटले.