पुट्टीची सोंड

यंत्र विकत घेण्याआधी त्याचं तेल चाखून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मानोजीअण्णा. चाखून म्हणजे अगदी जिभेवर ठेवून. आमटीत मीठ पडलंय का बघावं तशी करंगळी तेलात बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि बाजूला थुंकून निकाल द्यायचा. "पाणी शिरलंय." किंवा "जळलंय. मालकानं फार राबवलं याला." विकणारा तोंडाकडे बघत राही. एकदा एका भंगारवाल्याने वैतागून विचारलं, "फिर मीठा होना क्या, साब?" अण्णा शांतपणे म्हणाले, "मीठा नक्को, कडवा बी नक्को. तेल तेल सरीका लगना, बस."

साठ सालच्या सुमाराला मी बेळगावहून बदलीवर बंगळूरला आलो आणि बसवनगुडीत बिऱ्हाड थाटलं. शेजारच्या घरात अण्णा एकटे राहत. गिरणीत तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेले. खाकी अर्धी चड्डी, डोक्याला काळी टोपी आणि खिशात पाना. देवळात जातानासुद्धा पाना बरोबर असे. "देवाच्या रथाचं चाक कधी ढिलं होईल, सांगता येतं काय?" पहिल्याच दिवशी कुंपणावरून हाक आली, "काय हो बेळगावकर, स्वल्प कॉफी घ्या, मग सामान लावा." मी माझं नाव सांगितलं, पण ते त्यांनी पुढे कधीच वापरलं नाही. बोलता बोलता मी विचारलं, तुमची मंडळी इकडे कधी आली?

"तीनशे वर्सं झाली. घोड्यावर बसून आले. घोडा म्हातारा झाला, राहिले."

अण्णांकडे घोडा नव्हता, पण पुट्टी होती. पुट्टी म्हणजे कानडीत चिमुरडी. ही चिमुरडी म्हणजे एक करडा, बुटका विलायती ट्रॅक्टर. कॉफीच्या मळ्यावरचा कोणी साहेब देश सोडून जाताना विकून गेलेला. ती पेट्रोलवर सुरू व्हायची, तापली की रॉकेलवर चालायची आणि चढ आला की थांबून विचार करायची. अण्णांच्या घरात दोन गोधड्या होत्या. थंडीच्या दिवसांत त्यातली बरी पुट्टीच्या अंगावर असे.

या पुट्टीसाठी अण्णा सोंड शोधत होते. सोंड हा त्यांचाच शब्द. ट्रॅक्टरच्या मागे बसवायचा लोखंडी हात, त्याच्या टोकाला दातेरी बादली. तेलाच्या दाबाने हात खाली जातो, माती उकरतो आणि वर आणून टाकतो. इंग्रजीत त्याला बॅकहो म्हणतात हे मला पुष्कळ नंतर कळलं. नवी सोंड परवडण्यासारखी नव्हती, आणि परवडली असती तरी अण्णांनी घेतली नसती. "नवं यंत्र म्हंजे तान्हं पोर. पुढं कसं निघंल कुणाला ठाऊक?" त्यांना जुनीच हवी होती, आणि ती मिळायला तीन वर्षं लागली.

हे सगळं अक्कांसाठी चाललं होतं. अंबक्का ही अण्णांची थोरली बहीण. यशवंतपूरच्या पलीकडे तिचा मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा मळा होता. मी बंगळूरला येण्याच्या अकरा वर्षं आधी, उन्हाळ्यात, अण्णांचे दाजी विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि आतल्या कोंडलेल्या हवेने गुदमरून गेले. अक्कांनी विहीर बुजवली आणि सांगून टाकलं, माझ्या मळ्यात यापुढे माणूस जमिनीखाली उतरणार नाही. कमरेएवढ्या खड्ड्यातसुद्धा नाही. तेव्हापासून मळा ओढ्यावर जगत होता आणि ओढा दर साली थोडा आधी आटत होता. ओढ्याकाठच्या सखल जागी अण्णांनी लोखंडी कांब ठोकून बघितली, तर नऊ फुटांवर ओल लागली. पण माणूस उतरायचा नाही म्हटल्यावर नऊ फूट खणायचं ते वरूनच. त्यातून अक्का म्हणायला लागल्या होत्या, मळा वाळला तर विकून टाकते आणि धारवाडला पुतण्याकडे जाते.

अण्णा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जात. अक्का गेल्या असत्या तर या माणसाला "जेव" म्हणणारं जगात कुणी उरलं नसतं. अण्णांना विचारलं तर म्हणत, "जाऊ दे की धारवाडला. हवा बरी आहे तिथं." आणि पुढच्या रविवारी सकाळी पुन्हा सोंड शोधायला तयार.

अडचण होती ती पुट्टीच्या अंगकाठीची. नऊ फूट पोचणारी सोंड जड, आणि जड सोंड मागे लावली की पुट्टीची पुढची चाकं जमीन सोडत. हलकी सोंड घ्यावी तर ती सहा फुटांतच दमायची. म्हणून सोंड बघायला जाताना अण्णा पुट्टीला घेऊनच जात. "पोरगी न दाखवता लग्न जमवतात काय?" ते चालवायला आणि मी बाजूला मडगार्डवर. ताशी आठ मैल. एखादी बैलगाडी मागे टाकली की अण्णा टोपी सारखी करत. शहरातली एक गुजरी, म्हणजे जुन्या लोखंडाचा अड्डा, आम्ही सोडला नाही. आत शिरताना अण्णा म्हणत, "स्वल्प बघू या." या स्वल्पाला तीन तास लागत.

मी सरकारी कचेरीतला टायपिस्ट. टाइपरायटरची रिबन बदलण्यापलीकडे यंत्रातलं मला काही कळत नाही. तरी अण्णा दर रविवारी आग्रहाने नेत, त्यामुळे माझ्या मताला काही किंमत असावी असा माझा समज झाला. मीही हात मागे बांधून सोंडेभोवती फेरी मारी आणि "सांधा मजबूत दिसतो" असं काहीतरी बोलून ठेवी. अण्णा गंभीरपणे मान डोलवत. घरी बायकोला मी सांगत असे की माझ्याशिवाय अण्णांचं पान हलत नाही.

किती सोंडा पाहिल्या त्याला गणती नाही. एक धरणाच्या कामावरून आलेली, पिवळाधमक रंग लावलेली. मला फार आवडली. अण्णांनी कोपराशी नखाने रंग खरवडला तर खाली जोडकामाचा हा एवढा व्रण. "नटवून बसवलीय. हाड मोडलेलं आहे." दुसरीची बादली दोन्ही हातांनी धरून त्यांनी हलवली. ती बराच वेळ खुळखुळत राहिली, कारण खिळे झिजून भोकं मोठी झाली होती. "हिला कंपवात झालाय." तिसरीचं सगळं ठीक होतं, पण तिला लागणारा तेलाचा दाब पुट्टीच्या पंपाला झेपणारा नव्हता. अण्णा हळहळले. "हत्तीची भूक, आणि आमच्या घरात पावशेर तांदूळ."

चौथ्या की पाचव्या सोंडेच्या वेळी माझा भ्रम फिटला. ती भरपूर लांब होती. बाबूसाब नावाच्या गुजरीवाल्याने ती पुट्टीला जोडून दिली. अण्णांनी दांडा ओढला, सोंड मातीने भरून उठली आणि पुट्टी पुढून घोड्यासारखी उभी राहिली.

"बेळगावकर," अण्णा ओरडले, "नाकावर बसा!"

"कुणाच्या?"

"पुट्टीच्या! लवकर!"

मी बॉनेटवर चढून बसलो. पुट्टी धप्पकन खाली आली. पुन्हा सोंड उचलली तशी मला घेऊन वर गेली. अण्णांनी खिशातून कागद काढला, कानामागची पेन्सिल काढली आणि बाबूसाबला म्हणाले, "ये साब दो सौ पौंड के हैं. फिर बी उठा रही. नक्को."

माझं वजन यांना ठाऊक कसं? अण्णांनी सरळ सांगितलं. मी आलो त्याच आठवड्यात स्टेशनवरच्या काट्यावर त्यांनी मला कौतुकाने उभं केलं होतं, ते याचसाठी. "गोणीत वाळू भरून न्यावी म्हटलं, तर ती चढवायला दोन माणसं लागतात. तुम्ही आपले आपण चढता." मी दोन रविवार गेलो नाही. तिसऱ्या रविवारी अण्णा कुंपणापाशी केळीच्या पानात उप्पिट घेऊन उभे. "रागावला काय हो? बारीक होऊ नका, सगळा हिशेब चुकंल." उप्पिट खाल्लं. गेलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात ओढा फाल्गुनातच आटला. मळ्याच्या कडेची झाडं पिवळी पडली. गिऱ्हाईक येऊन मळा बघून गेलं असं अक्कांनी जेवताना सांगितलं, आणि अण्णांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. परतताना यशवंतपूरच्या मालधक्क्यामागे एका चिंचेखाली काहीतरी पडलेलं दिसलं. अण्णांनी पुट्टी थांबवली. सोंडच होती. लांब, सडपातळ, आणि टोकाला बादली अशी की तिच्यात आमचा घरचा हंडा बसला नसता. नळाचे चर खणायला कुणीतरी कधी मागवलेली. एवढीशी बादली बघून कुणी तिला हात लावत नव्हतं.

अण्णा तिच्याभोवती फिरले. रंग खरवडला. खिळे हलवले. तेल चाखलं आणि थुंकले. मग म्हणाले, "घास लहान, हात लांब. सावकाश जेवंल, पण पोट भरंल. सरी, चालंल." सोंड पुट्टीला जोडली आणि मला बॉनेटवर बसवून त्यांनी ती उचलली. चाकं हलली, पण उठली नाहीत. किमतीवर एक शब्द न बोलता त्यांनी मालकाशी सौदा केला. तीन वर्षं चाललेली निवड अर्ध्या तासात उरकली.

खणायला चार दिवस लागले. मी रजा काढून बॉनेटवर बसलो. बुडाखाली गोणपाट, वर छत्री, हातात अक्कांनी दिलेला ताकाचा पेला. अशी सरकारी नोकरी जन्मात मिळायची नाही. अक्का खड्ड्यापासून दहा पावलांवर पाट टाकून बसत. मोगऱ्याच्या कळ्या ओवीत, पण डोळा खड्ड्यावर. कुणी काठाशी वाकलं तरी हाक येई, "मागं सर रे!"

चौथ्या दिवशी, साडेआठ फुटांवर, बादलीचे दात एका धोंड्याखाली अडकले. अण्णा दांडा ओढत, पुट्टी किंचाळे आणि मला घेऊन वर उचलली जाई. धोंडा ढिम्म. दोनदा, तीनदा, चारदा. पुट्टीच्या पंपातून जळका वास यायला लागला. अण्णांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, पायातल्या चपला काढून नीट बाजूला ठेवल्या आणि पहार उचलली.

"पाच मिनिटांचं काम. दगडाखाली पहार घालतो नि येतो."

अक्कांच्या मांडीवरच्या कळ्या मातीत पडल्या. एवढ्या वयाची बाई इतक्या झटक्यात उठलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी अण्णांची चड्डीच मागून धरली.

"तेसुद्धा पाच मिनिटंच म्हणाले होते. पाणी नको मला. वाळू दे मळा. तू वर राहा."

"अगं अक्का, उघडा खड्डा आहे, हवा आहे..."

"साकु!" अक्का कानडीवर आल्या. "पुरे म्हटलं ना!"

अण्णा पहार धरून तसेच उभे. खड्डा अर्धवट, धोंडा जागच्या जागी. मला काहीतरी बोललं पाहिजे असं वाटलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच मी यंत्राबद्दल खरं मत दिलं. म्हटलं, "अण्णा, थोडंच वजन कमी पडतंय."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, पुट्टीकडे पाहिलं. लुगडं खोचलं आणि चाकावर पाय देऊन बॉनेटवर चढून माझ्या शेजारी बसल्या. त्या काही माझ्यासारख्या नव्हत्या, फार तर शंभर पौंड. "ओढ रे," त्या म्हणाल्या. अण्णांनी दांडा ओढला. पुट्टी थरथरली, पुढची चाकं चिकटून राहिली, आणि खालून दात उपटल्यासारखा आवाज करत धोंडा सुटला.

पाणी लगेच आलं नाही. आधी माती काळी पडली, मग चकाकायला लागली, मग धोंड्याच्या जागी पळीभर गढूळ पाणी साचलं. बघता बघता त्याची परात झाली. मी टाळ्या वाजवल्या. अक्का बॉनेटवरच हात जोडून बसल्या. अण्णा मात्र मातीच्या ढिगावर जाऊन बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पाण्याकडे बघत बोलायला लागले.

"अक्का, त्या दिवशी उतरायची पाळी माझी होती. सकाळी येतो म्हणालो होतो. वाटेत काही लोक एक इंजिन उघडून बसले होते, तिथं हात घालत बसलो. दोन तास. दाजी वाट बघून उतरले."

मी छत्री मिटली.

"ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्यांना तू उचलून पडवीत आणलंस. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तुझी दहा बोटं उठली होती, ग्रीसची. मला डोळे नाहीत काय?"

"मग चौदा वर्सं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू तोंड दाखवायचा बंद झाला असतास. मग माझे दोघं गेले असते. ऊठ. हात धू. भात निवतोय."

अण्णा उठेनात. तेव्हा अक्का खाली उतरल्या, त्यांचा तो तेलामातीने बरबटलेला हात तसाच आपल्या हातात घेतला आणि त्यांना घराकडे घेऊन गेल्या.