धनेशिणीची बिनदाराची ढोली

एका जंगलात... आता ते जंगल होतं की नुसता डोंगर, हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. माझी आठवण पूर्वीही फार भरवशाची नव्हती. मुलांनो, तुम्ही जंगलच समजा. चुकलं असेल तर मोठेपणी दुरुस्त करा.

तर त्या जंगलात जुनी झाडं थोडी आणि बिऱ्हाडं फार. झाडं वानरांच्या मालकीची. पक्षी ढोल्यांत राहायचे ते भाड्यानं. रोजची उंबरं पोचली की मालक खूश. पण दुसऱ्या कुणी जास्त उंबरं कबूल केली, की मालक म्हणायचा, "उद्या ढोली रिकामी करा."

मग अंडी उघड्यावर पडायची. वाघोबा महाराजांना हे पाहवेना. (रडारडीनं त्यांची दुपारची झोप मोडायची, असंही ऐकलंय. नक्की ठाऊक नाही.) त्यांनी कायदा केला : ज्या ढोलीत अंडी आहेत, तिथल्या भाडेकरूला हलवायचं नाही.

सगळ्या जंगलानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी झाडाझाडांवर पाट्या लागल्या : 'अंडी घालणाऱ्यांनी चौकशी करू नये.'

धनेश आणि धनेशीण ढोली शोधून दमले. शेवटी बेहड्याच्या झाडावर हुप्प्याशेठ भेटले.

"किती जण?"

"दोघंच."

"अंड्यांचा काही विचार?"

"छे हो, शेठ! आमचं वय का आता?" धनेश म्हणाला. धनेशीण आपल्या नखांकडे बघत राहिली.

ढोली मिळाली. थोड्याच दिवसांत धनेशीण आत बसून ढोलीचं तोंड चिखलानं लिंपू लागली. धनेशांची रीतच ती. मादी स्वतःला आत कोंडून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून तिला भरवतो. शेठना हे माहीत नव्हतं. त्यांचं लक्ष उंबरांकडे असायचं.

"हे काय चाललंय?"

"डागडुजी, शेठ. तुमचीच ढोली पक्की होतेय."

"खर्च?"

"आमचा."

"मग जरा जाड लिंपा."

भिंत वाळली आणि एक वटवाघूळ दुप्पट उंबरं कबूल करून गेलं. शेठनी भिंत ठोठावली. "बाई, ढोली रिकामी करा!"

"अंडी आहेत, शेठ," आतून आवाज आला. "आणि माझी पंखांची पिसं गळलीत. आता बाहेर काढलंत तर मी सरळ खालीच जाईन."

"या भाडेकरूंना निघायच्या वेळीच बरं सगळं होतं!" म्हणत शेठ तडक निवारा खात्यात गेले आणि कोल्हेसाहेबांना घेऊन आले. साहेबांच्या काखेत नोटीस होती.

"बाई, अंडी दाखवा, म्हणजे संरक्षण देतो."

"भिंत फोडल्याशिवाय दिसायची नाहीत."

"मग फोडा."

"आणि साप आला तर?"

"तो विभाग वेगळा."

धनेश फांदीवर उभा होता. चोचीत उंबर तसंच. ते गिळून तो म्हणाला, "साहेब, ती पडेल हो!"

"पडल्यावर अर्ज करा."

अंडी दिसली नाहीत, म्हणजे संरक्षण नाही. साहेबांनी नोटीस बाहेर काढली आणि झाडाभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी.

"नोटीस दारावर लावायची असते. दार कुठाय?"

"तिनं लिंपलं ना!"

"कुणाच्या परवानगीनं?"

हुप्प्याशेठ शेपटी खाजवू लागले.

"दार नाही, म्हणजे घर नाही," साहेब म्हणाले. "घर नाही, म्हणजे भाडेकरू नाही. नसलेल्या भाडेकरूला काढायचं कसं?"

"मग मी भिंत फोडतो!"

"आधी तिथे दार होतं, हे सिद्ध करा. साक्षीदार आणा."

साक्षीदार एकच, लिंपण्याआधी ढोली बघून गेलेलं ते वटवाघूळ. ते उलटं टांगलेलं असल्यामुळे त्याची साक्षही उलटी नोंदली गेली. ती सुलटी करण्यात सुनावण्यांमागून सुनावण्या गेल्या. तोवर धनेशिणीला नवी पिसं आली. एका सकाळी भिंत आतून फुटली आणि आई पिल्लांसह उडून गेली.

वाघोबांनी सभा घेतली. "आमच्या कायद्यामुळे बेहड्यावरचा एकही भाडेकरू बेघर झाला नाही!" कोल्हेसाहेबांचा अहवालही तेच सांगत होता. त्यात बेहड्यावर भाडेकरूच नव्हता.

तात्पर्य : मुलांनो, सरकार भाडेकरूचं रक्षण करतंच. भाडेकरूनं फक्त सरकारच्या नजरेस पडू नये.

आणि ते पिसांचं. तो बाईंचा बहाणा असावा, असं मलाही वाटलं होतं. पुष्कळ वर्षांनी पक्ष्यांवरच्या एका जाडजूड ग्रंथात खात्री करून घेतली : कोंडून घेतलेल्या धनेशिणीची उडायची पिसं खरोखरच गळतात.